तणाव वाढला की सोसायटीतली नावांची पाटी काढावी का?

सचिव_बिनपगारी
मुंबईत कुठेही दगडफेक झाली की दोन दिवसांत समितीपुढे एक विषय हमखास येतो: तळमजल्यावरची सभासदांच्या नावांची पाटी उतरवायची का? एक गट म्हणतो, आजच काढा. दुसरा म्हणतो, काढलीत तर आपण घाबरलो असं होईल, शिवाय ज्यांच्यासाठी काढताय त्यांनाच वेगळं काढल्यासारखं होईल. बैठक 'पाहू' वर संपते आणि पाटी तिथेच राहते.
या निमित्ताने शेजाऱ्या-शेजाऱ्यांत ज्या भिंती उभ्या राहतात त्यावरही लिहा. पण नुसतं 'माणुसकी जपा' नको. काय करायचं, कोणी करायचं, कुठे चुकतं, असं लिहा.

परळकर_जुना
काढावी. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींवरच्या न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात हल्लेखोरांच्या हातात दुकानांच्या याद्या आणि मतदारयाद्या होत्या अशी नोंद आहे. त्याच दिवसांत मुंबईभर दारावरच्या आणि जिन्याखालच्या पाट्या उतरल्या होत्या. आयोगाने दिलेला मृतांचा आकडा ९००: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी, ५ इतर. एवढं झाल्यावर 'घाबरलो असं होईल' हा मुद्दा मला तरी पोरकट वाटतो.

तिसरा_मजला
परळकर, तुमच्याच वाक्यात उत्तर आहे. मतदारयादी हातात असेल तर पाटी काढून काय साधलं?
शिवाय इमारतीत नाव फक्त पाटीवर असतं का? एकदा तळमजल्यावर फेरी मारून मोजा:
टपालपेट्यांवर नाव. मीटरखोलीत प्रत्येक मीटरखाली खडूने किंवा स्टिकरवर नाव. वॉचमनच्या केबिनमध्ये इंटरकॉमची यादी, नावासकट, आणि ती काचेला आतून नव्हे तर बाहेरून दिसेल अशी चिकटवलेली. पार्किंगच्या खांबांवर नाव. सूचनाफलकावर थकबाकीदारांची यादी. गणपतीच्या वर्गणीचा तक्ता, जो दिवाळीपर्यंत उतरत नाही. आणि कार्यालयाच्या टेबलावर उघडी पडलेली 'जे' नमुन्यातली सभासदयादी.
पाटी काढून ही सात ठिकाणं ठेवलीत तर नुसता पाना-स्क्रूड्रायव्हरचा व्यायाम.

बटाटेपोहे
आठवं विसरलात. लिफ्टमध्ये 'सौजन्य: अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ' असा पंख्यावरचा स्टिकर. 😀

नाखवा
पाटीबद्दल एकच सांगायचं आहे. पाटीवरून सगळी नावं काढा किंवा एकही काढू नका. ३२ घरांच्या पाटीत दोन पट्ट्या सरकवून रिकाम्या केल्या की त्या रिकाम्या जागाच नाव सांगतात. 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणून दोनच घरांच्या पट्ट्या काढल्या जातात, आणि त्या घरांना विचारलेलंही नसतं. सकाळी दूध घ्यायला खाली उतरलेल्या माणसाला ते आधी दिसतं. मग पुढचं वर्षभर तो जिन्यात मान खाली घालून जातो आणि शेजाऱ्यांना वाटतं, 'हा हल्ली बोलत नाही.'
आणि दारावरची तोरणं, ७८६, क्रूस, शुभ-लाभ? ती उतरवा असं समितीने कोणालाही सांगू नये. तो ज्याच्या त्याच्या दाराचा प्रश्न.

सचिव_बिनपगारी
@नाखवा, 'विचारलेलं नसतं' हे अगदी खरं. ठराव झाला की सगळे गृहीत धरतात की कोणीतरी विचारलं असेल.
@तिसरा_मजला, सात ठिकाणांची यादी उतरवून घेतली. पण मग फाटकाचं काय?

गस्तवाला
फाटकाचं लिहितो, कारण खरा घोळ तिथेच होतो.
आधी दोन शब्द वेगळे करा. जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त जणांनी जमू नये. संचारबंदी म्हणजे घराबाहेरच पडू नये. लोक दोन्हींना '१४४' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते कलम १६३ झालं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं. मुंबईत पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालीही आदेश काढतात, त्यात लाठ्या-काठ्या बाळगायलाही बंदी असते. म्हणजे रात्री फाटकावर हातात स्टंप घेऊन उभी राहिलेली दहा-बारा पोरं स्वतःच आदेश मोडत असतात. पोलिसांची गाडी आली तर आधी त्यांनाच उचलते, आणि चूक पोलिसांची नसते.
गस्त घालायचीच तर अशी घाला: दोघं-दोघं, कंपाउंडच्या आत, दोन-दोन तासांची पाळी, हातात टॉर्च आणि शिट्टी, बाकी काही नाही. नावांची यादी आणि एक फोन नंबर पोलीस ठाण्याच्या बीट अंमलदाराकडे आधी द्या. आणि जोडी मिश्र लावा. एकाच मजल्याची, एकाच जातीची, एकाच गावची नको. एकसारख्या चार जणांत रात्री दोन वाजता मांजराने डबा पाडला तरी 'आले' होतं.
वॉचमनचं लक्षात ठेवा. तो बहुधा एजन्सीचा, बारा तासांच्या पाळीचा, आणि लोकल बंद झाली की बदली माणूस येत नाही. म्हणजे एकच माणूस छत्तीस तास जागा. त्याच्या जेवणाची आणि झोपेची सोय आधी, मग बाकी सूचना.

कुर्ला_लोकल
गस्तीचं पटलं. पण फाटकावर 'बाहेरचा माणूस आत नाही' हा जो नियम लगेच निघतो, त्यातला 'बाहेरचा' कोण? धुणीभांडी करणाऱ्या बाई, प्लंबर, डिलिव्हरीची मुलं, गाडी धुणारा. यांतले कितीतरी गोवंडी, मानखुर्द, मालवणीहून येतात. नियम सगळ्यांसाठी लिहिलेला असतो, पण थांबवला जातो तो दाढी किंवा आडनाव बघून.
नियम करायचा तर असा की वॉचमनला डोकं लावावं लागू नये: तणाव संपेपर्यंत कुठलंही पार्सल फाटकापर्यंतच, सभासदाने खाली येऊन न्यायचं. काम करणाऱ्यांची नोंद आधीपासून असेल तर सगळे आत, नसेल तर घरमालकाने खाली येऊन घेऊन जायचं. फाटकावरच्या नोंदीचं मायगेटसारखं अ‍ॅप असेल तर उत्तम, नसेल तर दोनशे पानी वही पुरते.
आणि ज्या दिवशी गाड्या बंद, त्या दिवसाचा खाडा धरू नका. हा ठराव शांततेच्या काळात करून ठेवा, कारण तणावात तो कोणाच्याच मनात येत नाही.

मंत्रालय_सिग्नल
खाड्याचं ठीक आहे हो, पण सुरक्षेचा प्रश्न आला की थोडी गैरसोय कोणाला तरी होणारच. चेहरा बघून वॉचमन ओळखतो, त्यात पाप काय?

कुर्ला_लोकल
पाप राहू द्या, उपयोगाचं बोलू. चेहरा बघून सोडणारा वॉचमन ओळखीच्या चेहऱ्याचा चोर आत सोडतो. तणावाच्या दिवसांत इमारतीत भुरट्या चोऱ्या होतात त्या अशाच.

ग्रुप_अ‍ॅडमिन
फाटकापेक्षा जास्त भिंती व्हॉट्सअ‍ॅप गटात उभ्या राहतात. थोडं तपशिलात.
१. गट दोन ठेवा. एक सूचनांचा, त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात (गटाच्या सेटिंगमध्ये बदलता येतं, दहा सेकंदांचं काम). दुसरा गप्पांचा. तणावात गप्पांचा गट बंद करू नका. बंद केलात की त्याच रात्री 'आपल्या लोकांचा' तिसरा गट निघतो आणि तो तुम्हाला दिसत नाही. सोसायटी खरी फुटते ती त्या तिसऱ्या गटात.
२. संदेशावर दोन बाण दिसले तर तो अनेक हातांतून फिरून आलेला आहे. असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो, ही अट २०२० पासून आहे. तरीही कोणी कॉपी करून चिकटवतोच, तेव्हा बाणही दिसत नाहीत.
३. व्हिडिओ आला तर तीन गोष्टी बघा: दुकानांच्या पाट्यांची भाषा, वाहनांच्या नंबरप्लेटची पहिली दोन अक्षरं, आणि लोकांच्या अंगावरचे कपडे. मुंबईत मे महिन्यात कोणी स्वेटर घालत नाही. व्हिडिओ एका चित्रावर थांबवून त्या चित्राचा नेटवर उलट शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेतला तर बऱ्याचदा तीन वर्षांपूर्वीचं, दुसऱ्याच देशातलं निघतं.
४. खोडसाळ संदेश अ‍ॅडमिनने 'सर्वांसाठी' काढून टाकावा, पण आधी स्क्रीनशॉट घ्यावा, तारीख-वेळ दिसेल असा.
'अ‍ॅडमिनला अटक होते' ही भीती अर्धवट आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू दाखवल्याशिवाय, अ‍ॅडमिन जबाबदार ठरत नाही. टाकणारा मात्र सुटत नाही. गटागटांत तेढ वाढवण्याचं कलम आता १९६, भारतीय न्याय संहितेतलं.

बटाटेपोहे
'जशास तसं आलं म्हणून पाठवतोय, खरं-खोटं माहीत नाही' असं लिहिणाऱ्या काकांसाठी कुठलं कलम?

ग्रुप_अ‍ॅडमिन
काकांना कलम लागत नाही. 'काका, कुठल्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत?' एवढं विचारा. दुसऱ्या दिवसापासून ते सुप्रभातवर येतात.

परळकर_जुना
अफवांना मोबाईल लागत नाही. जानेवारी ९३ मध्ये समुद्रातून हत्यारबंद माणसांच्या होड्या येताहेत अशी आवई उठली होती आणि शिवाजी पार्काच्या बाजूला लोक गाड्यांचे दिवे पाण्याकडे लावून रात्र जागवत होते. दुधात विष, पावात विष, हेही तेव्हाचंच.
पावाचं मुद्दाम बघा. मुंबईतल्या कितीतरी बेकऱ्या मुस्लिम आणि इराणी मालकांच्या. आवई पसरली की आधी वडापावच्या गाडीवरचा पाव बंद होतो, मग गाडी बंद होते, आणि गाडीवाला मराठी असतो. अफवा कोणाच्या पोटावर येते हे पसरवणाऱ्याला कळत नाही.

चाळीतला_माणूस
सगळे टॉवरबद्दल बोलताय. चाळी आणि झोपडपट्टीचं गणित वेगळं आहे, तिथे फाटकच नसतं.
दोन गोष्टी आजच बघा. पहिली, दाराची बाहेरची कडी. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत जानेवारी ९३ मध्ये दार बाहेरून लावून आग लावली गेली होती. खोलीला बाहेरून कडी-कोयंडा असेल तर तो काढा आणि आतून खिटी असलेलं लॅच किंवा मॉर्टिस कुलूप लावा. ते बाहेरून चावीनेच बंद होतं, पण आतून नुसती खिटी फिरवली की उघडतं. सुताराचं थोड्या वेळाचं काम.
दुसरी, खिडकीची ग्रिल. सगळीकडे वेल्डिंग करून पक्की केलेली असते. तिच्यातला किमान दोन फूट बाय दोन फुटांचा भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्या, कुलूप आतून, आणि चावी खिडकीच्या उजव्या-डाव्या हाताला खिळ्यावर. चावी कपाटात ठेवली तर धुरात सापडत नाही.
चाळीत एक गोष्ट चांगली असते: नळावर सगळ्यांची गाठ पडते. नळाची वेळ ही फुकटची सभा आहे.

लाल_बादली
चाळीतल्या भाऊंचं बरोबर. आगीचं थोडं जोडतो.
महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार सोसायटीने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये 'ब' नमुना प्रमाणपत्र द्यायचं असतं, परवानाधारक एजन्सीकडून तपासून. बरेच जण कागद घेतात आणि हायड्रंटचा, म्हणजे आगीच्या पाण्याच्या नळाचा, व्हॉल्व्ह उघडून बघत नाहीत. उघडून बघा, गंजून बसलेला असतो.
आग विझवायचा ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदच चालतो. काटा हिरव्यात हवा, पिन ओढायची, दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी मारायचं, वर नाही. एकदा थोडा जरी वापरला तरी परत भरून घ्यावा लागतो, दाब उतरतो. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका, आग तरंगत पसरते. वाळूच्या बादल्या त्यासाठीच असतात, पानाच्या पिचकाऱ्यांसाठी नाही.
गच्ची: तुटक्या विटा, फरशा, बाटल्या लगेच खाली उतरवा. पोलीस गच्च्या तपासतात आणि दुरुस्तीतून उरलेला राडारोडा 'साठवलेले दगड' ठरतो. पण गच्चीच्या दाराला कुलूप ठोकून चावी सचिवाच्या खिशात, हे नको. खाली आग असेल तर लोक वरच जाणार.
आणि दुहेरी पार्किंग. बंब आत वळत नसेल तर वरच्या सगळ्या सूचना फुकट.

विमाताई
इथे कोणी विम्याचं बोललं नाही म्हणून. घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्या देतात. त्यात दंगल, संप, हेतुपुरस्सर नुकसान धरलेलं असतं. इमारतीचा विमा असेल तर घरातल्या सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, आपोआप संरक्षण मिळतं.
गाडीचा थर्ड पार्टी विमा असेल तर जळलेल्या गाडीचा एक रुपयाही मिळत नाही. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान धरलेली, पॉलिसी लागते. रस्त्यावर लावलेल्या रिक्षा-टॅक्सींचं सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि पैसे वाचवायला कितीतरी जण नुसता थर्ड पार्टीच काढतात.
नुकसान झालंच तर: आवरायच्या आधी फोटो, मग कंपनीला कळवणं, एफआयआर, पोलीस पंचनाम्याची प्रत. हद्दीचा वाद घातला तर शून्य क्रमांकाने नोंदवा म्हणावं. आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.
सीसीटीव्हीचं चित्रण त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर काढा. डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) भरला की जुनं पुसून नवं लिहितो, पंधरा दिवसांतही. डीव्हीआरचं घड्याळ बऱ्याचदा पुढे-मागे असतं, तो फरक कागदावर लिहून ठेवा. कोर्टात वापरायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जे पूर्वी ६५-ब होतं.

मंत्रालय_सिग्नल
हे सगळं उत्तम. पण मूळ दुखणं हे की वेगवेगळे लोक एकत्र राहातच नाहीत. ९३ नंतर कितीतरी मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला गेली. इकडे शाकाहारी सोसायट्या मराठी माणसालाही घर देत नाहीत. मग मिश्र गस्त लावणार कोणाची?

बायलॉज_भास्कर
'देत नाहीत' हे बेकायदेशीर आहे आणि त्यावर इलाज आहे. सहकारी संस्था अधिनियम १९६०, कलम २३: पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारलं तर निबंधकाकडे अपील. कलम २२(२): अर्जावरचा निर्णय तीन महिन्यांत कळवला नाही तर सभासदत्व मिळालं असं मानलं जातं. म्हणून अर्ज हातोहात देऊन पोच घ्या, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने. भाडेकरूसाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. घर भाड्याने दिल्यावर लागणारं बिगरभोगवटा शुल्कही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही.

तिसरा_मजला
भास्करराव, अर्धंच सांगताय. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीला फक्त पारशांनाच सभासद करण्याचा उपनियम ठेवू दिला. आणि सोसायटी कशाला नाकारेल? दलाल फोनवरच आडनाव विचारतो आणि 'घर गेलं' म्हणतो. अर्जच होत नाही तर तीन महिने कुठून मोजणार?

बायलॉज_भास्कर
तो खटला गुजरातच्या कायद्याखालचा आणि उपनियम मुळापासून तसा नोंदलेला होता. इथल्या सोसायट्यांच्या उपनियमांत असं काही नसताना 'आमच्याकडे चालत नाही' म्हणतात, ते वेगळं. दलालाचं म्हणाल तर मान्य, तिथे कायदा पोचत नाही.

बटाटेपोहे
आता सुरमईवर दोनशे प्रतिसाद येणार. आवरा.

नाखवा
सुरमईवर एकच: वास जिन्यात जातो म्हणून भांडणारे लोक तणावाच्या दिवसांत तो वास नसला की आधी दार वाजवतात, 'सगळं ठीक ना?' म्हणून. असेही शेजारी असतात, मंत्रालयराव. मिश्र गस्तीला तेवढे दोघं पुरतात.

परळकर_जुना
मोहल्ला समित्यांचं, म्हणजे पोलीस आणि रहिवासी मिळून बसतात त्या समित्यांचं, राहिलं. भिवंडीत १९७० आणि १९८४ ला मोठ्या दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या, आणि डिसेंबर ९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. युक्ती अशी की समितीत पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसं घेतली आणि बैठका काही घडलेलं नसतानाही चालू ठेवल्या. मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी आणि समाजसेविका सुशोभा बर्वे यांनी दंगलीनंतर हेच काम उभं केलं, पोलीस आणि मोहल्ल्यातल्या पोरांचं क्रिकेटसुद्धा.
अलीकडचं उदाहरण: २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. मुंबईतल्या मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ ला काढला. असं आयत्या वेळी होत नाही, त्याआधी बैठका झालेल्या असतात.

गस्तवाला
+१. पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत नेहमीचीच दहा माणसं हार घ्यायला जातात. सोसायट्यांच्या सचिवांनी बसायला मागितलं तर ठाणेदार सहसा नाही म्हणत नाही. गणपती आणि मोहरमच्या आधीची बैठक धरा.

सचिव_बिनपगारी
पाटीवर परत येतो. इथलं वाचून ठराव असा लिहितोय, चूक असेल तर सांगा:
नावांची पाटी कायमची काढायची, तणाव असो वा नसो. जागी फक्त मजला, घर क्रमांक आणि इंटरकॉम क्रमांक. टपालपेट्या, मीटर, पार्किंगवरही क्रमांकच. नावांची यादी कार्यालयात कुलपात, एक प्रत वॉचमनच्या टेबलाच्या खणात, काचेवर नाही. आजारी, एकटे राहणारे आणि डायलिसिसवाले यांची वेगळी यादी, कारण संचारबंदीत १०८ ला नेमका मजला सांगावा लागतो. फाटकाजवळ ११२, १०१, १०८ आणि ठाण्याचा लँडलाइन. ठराव वार्षिक सभेत, शांततेच्या महिन्यात.

परळकर_जुना
आता तिसरा मजला आणि मी दोघांचं खरं झालं. मान्य.

तिसरा_मजला
मान्य, पण सोसायटीच्या नावाचा आणि नोंदणी क्रमांकाचा फलक काढू नका, उपनियमांत तो लागतो. उत्साहाच्या भरात तोही उतरतो.

नाखवा
ठरावात 'अल्पसंख्य सभासदांच्या सुरक्षेसाठी' असं कारण लिहू नका. 'नवीन पाटी' एवढंच पुरे.

सचिव_बिनपगारी
तेच वाक्य मसुद्यात होतं. खोडलं.

लाल_बादली
नवी पाटी अ‍ॅक्रिलिकची नको, ज्वाळेत वितळून टपकते. अ‍ॅल्युमिनियमची घ्या, आकडे कोरलेले, दोन इंचांचे, धुरातही टॉर्चने दिसतील असे.

बटाटेपोहे
आणि जुनी काढल्यावर भिंतीवर वीस वर्षांचा पांढरा चौकोन उरणार आहे, त्याच्या रंगाचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर पुढची सभा.

सचिव_बिनपगारी
नवी पाटी चार इंच मोठी मागवतोय.